जरा डावीकडे

बुखारेस्टहून एक नामवंत कवी गावच्या शाळेच्या ग्रंथालयात आले होते. त्यांचं वाचन मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचं काम ग्रंथपाल झाम्फिराबाईंच्या गळ्यात पडलं होतं. पहिली कविता संपते न संपते तोच पडद्यावर ओळ उमटली, ‘बाई, कॅमेरा जरा डावीकडे घ्या ना.’

बाईंनी काणाडोळा केला. कवी अगदी मधोमध दिसत होते.

‘बाई, डावीकडे. एवढं करा.’

“कवी इथं बसलेत आणि ह्या मेल्यांना तिकडची भिंत बघायचीय!” बाई मुख्याध्यापकांपाशी चडफडल्या.

“लक्ष देऊ नका हो. फुकटात मिळालं की लोकांना सूचना सुचतात.”

‘थोडंसंच डावीकडे, बाई.’

“घ्या! बघा एकदाची भिंत!” म्हणत बाईंनी तणतणत स्टँड फिरवला.

भिंतीशी बाकावर दुसरीतली इलिंका वेणीचं टोक चावत बसली होती. मग ओळ आली, ‘केस केवढे वाढलेत तिचे. मी इटलीला कामाला निघाले तेव्हा वेणीही येत नव्हती.’

तिच्यामागोमाग दुसरी, स्पेनहून, ‘बाई, आमचा मातेई शेगडीपाशी बसतो. तिकडेही दाखवाल?’

बाईंनी मोबाइल स्टँडवरून काढला आणि एकेका बाकासमोर नेऊन धरू लागल्या.

“अहो बाई, कवी!” मुख्याध्यापक दबक्या आवाजात ओरडले.

“ऐकू येताहेत की ते,” बाई म्हणाल्या.