लेकीचा कंगवा

नातीचं वागणं आजीला मुळीच पसंत नव्हतं. लेकीला जाऊन महिना झाला, तरी ही कार्टी टीव्हीपुढून हलेना, आणि बघायची तोच एक भाग. त्यात तीन तरण्या चेटकिणी मेलेल्या बहिणीच्या कंगव्यातले केस वाटीभर पाण्यात सोडतात, तीनदा हाक मारतात, आणि बहीण दार ढकलून आत येते. आज नातीनं खरंच वाटीत पाणी घेतलं आणि कपाटातून आईचा कंगवा काढला. कंगव्यात एकही केस नव्हता. “आजी, तू धुतलास? तुला सगळं लख्खच लागतं!” नात किंचाळली. जिच्या जिभेपुढे घरात कुणाचं चालत नसे, ती आजी मटकन खाटेवर बसली. “धुतला नाही गं. केस मीच परवा पाण्यात सोडले. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण आली नाही. ती वाटी ठेव खाली. खुळी आहेस तू, अगदी माझ्यावर गेलीयस.”