नवीन बोट मिळणेबाबत

"आता अजून काय राह्यलं, साहेब?" विठ्ठलरावांनी सहाव्या खेपेला तेच विचारले.

मधुसूदन बाबूंनी फाइलमधून मान वर काढली नाही. आपत्ती निधीचे हे टेबल त्यांचे, पण समोर कोण उभे आहे हे ते कधी बघत नसत. विठ्ठलरावांचा चार पानी अर्जही त्यांनीच छाटून एका ओळीवर आणला होता : 'पुरात बोट गेल्याने नवीन बोट मिळणेबाबत.'

"बाजू लिहिली नाही. डावी की उजवी?"

"डावी." गाव नदीच्या डाव्या काठाला होते.

"माप?"

"वाहून गेल्यावर कायचं माप घेऊ?"

"शेजारच्यावरून अंदाज घ्या. आणि सरकारी दवाखान्याचा दाखला जोडा."

"दवाखान्याचा कायले?"

"नियम आहे."

विठ्ठलरावांच्या डोक्यात तिडीक गेली. पण सून दिपालीला आठवा लागला होता. नदी चढली की फुलसावंगीच्या दवाखान्यात जायला बोटीशिवाय दुसरी वाट नव्हती. भांडायला वेळ कुठला?

त्यांनी शेजारच्या गावाची बोट मोजली. अठरा फूट भरली. दाखला दिपालीचाच जोडला. बाबूंनी न वाचता शिक्का हाणला.

महिन्याने निरोप आला : मंजूर, घेऊन जा.

विठ्ठलराव गावातल्या खेमसिंगचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन निघाले. सोबत दोर, चार गडी आणि नारळ. कचेरीत पोचले तर बाबू जेवायला गेलेले. एक तास झाला, दोन झाले. हे जेवण आहे की लग्नाची पंगत?

तेवढ्यात मुलाचा, गोपालचा फोन आला.

"बाबा, रपट्याच्या पुलावर पाणी चढलं. दिपालीच्या पोटात दुखून राह्यलं. तुमी कुठी हाय?"

"घाबरू नको. काठावर आणून ठेव तिले. मी बोट घेऊनच येतो."

बाबू ढेकर देत आले. तीन ठिकाणी सही घेतली आणि कपाटातून चष्म्याच्या डबीएवढा खोका काढला. इंजिनाची किल्ली असेल, असे विठ्ठलरावांना वाटले.

"इथंच घालून पाहा, काका," बाबू म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी विठ्ठलरावांच्या हातांकडे पाहिले. दोन्ही हातांकडे.

विठ्ठलरावांनी खोका उघडला. आत कापसावर रबराची करंगळी होती.