काय काय निघतं?

अमेरिकेला निघालेल्या विमानात सुनेने माझ्या नातीपुढे चित्रांचं पुस्तक, स्टिकर, राजगिऱ्याचा लाडू, सगळं धरून पाहिलं. नातीचं भोकाड काही थांबेना. शेजारच्या सीटवरचे काळ्याभोर केसांचे गृहस्थ कडाडले, "पोरं सांभाळता येत नाहीत, तर आणता कशाला?" सुनेचे डोळे भरून आले.

चारचौघांत कवळी काढायची नाही, अशी बायकोची मला सक्त ताकीद होती. पण बायको पुण्यात होती. मी कवळी काढून तळहातावर ठेवली.

भोकाड थांबलं. नातीने कवळी निरखली, माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. मग कान ओढले, नाक पिळलं.

"आजोबा, हे नाही निघत?"

"नाही गं," मी बोळक्या तोंडाने म्हणालो.

"आईचं?"

"माझं काहीच निघत नाही बाई," सून म्हणाली आणि प्रवासात पहिल्यांदाच हसली.

नात सीटवर उभी राहून शेजारी वळली. "काका, तुमचं काय निघतं?"

गृहस्थांनी मागेपुढे पाहिलं. मग सावकाश डोक्यावरचे केस उचलून तिच्या हातात दिले.

अमेरिका येईपर्यंत ते तिच्याच डोक्यावर होते.