सात कप्प्यांची डबी

“खरं सांग, गोळ्या चुकवतेस ना?” डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. थायरॉइडचा आकडा तिसऱ्यांदा वर चढला होता.

“एकही नाही,” घोडी म्हणाली.

घोडी हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सून वीस किलोमीटर पळून घामाघूम घरी आली, तेव्हा. टोमणा होता तो. हिनं दागिन्यासारखा मिरवला.

“मग औषध लागू का पडत नाही?”

“ते तुम्ही सांगायचं. डॉक्टर तुम्ही आहात.”

पाय शिशाचे झाले होते. केस कंगव्यात येत होते. भर उन्हात अंगात स्वेटर. तरी ती पळायची, कारण शनिवारी मॅरेथॉनच्या संघाची निवड होती. निवड झाली तर दोन वर्षं परगावी सराव, आणि तिथंच नोकरी. आकडा उतरला नाही, तर नाव कापणार, असं संघाच्या प्रशिक्षक सरांनी बजावलं होतं.

घरात एकटा नवरा तिच्या बाजूनं. रविवारी सात कप्प्यांच्या डबीत तो स्वतः गोळ्या भरायचा. पहाटे पाचला गोळी आणि पाणी तिच्या हातात द्यायचा. ती अर्धवट झोपेत गोळी घशात टाकायची, वर घटाघटा पाणी. मग तासभर चहासुद्धा नाही.

“तू फक्त पळ,” तो म्हणायचा, “बाकी मी बघतो.” हसत हसत पुढं जोडायचा, “तू गेलीस की घर खायला उठेल, पण जा.”

असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं सगळी गल्ली म्हणायची.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना मधुमेह. चहात साखरेऐवजी बारीक पांढऱ्या गोळ्या टाकायच्या.

“काय मेल्या गोळ्या या! तीन टाकल्या तरी चहा फिक्काच.”

“तुमच्या जिभेलाच गोडवा नाही, त्याला गोळी काय करणार?”

“तोंड बघा घोडीचं! इथं माझी छाती धडधडतेय, हात कापतायत, लुगडं कमरेवर ठरत नाही, आणि हिला पळायचं सुचतंय.”

शनिवारी मैदानावर उपाशीपोटी रक्त घेतलं. गोळी नंतर घ्यायची, म्हणून डबी तिनं बरोबर आणली होती. तासाभरानं आकडा आला. सरांनी यादीवर पेन टेकवलं.

“सर, ती एकही चुकवत नाही,” नवरा म्हणाला. “डबी मी स्वतः भरतो.”

“भरून काय उपयोग? गिळायला नको?” सर तिच्याकडं वळले. “खोटारड्या मुली मला संघात नकोत.”

खोटारडी! तिनं पिशवीतून डबी काढली. शनिवारचा कप्पा उघडला.

“बघा. सगळ्यांसमोर घेते.”

“अगं, इथं पाणी नाही,” नवरा घाईनं म्हणाला. “घरी जाऊन घे.” त्यानं डबीला हात घातला.

तिनं तो झटकला.

“पाणी कशाला हवं?”

तिनं गोळी जिभेवर ठेवली. सरांच्या डोळ्यांत डोळे घालून कडाकडा चावली.

गोळी गोड होती.