आईंच्या केसांचा रिपोर्ट

उधन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सेंटर उघडलं. केस तपासून कुठल्या गोळ्या घ्यायच्या ते सांगतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण पंचावन्नाव्या वर्षीही काळ्याभोर असलेल्या केसांना त्या कात्री लावू देईनात. मग केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी त्यांनी डब्यात साठवलेल्या गुंत्यातले थोडे केस मी गुपचूप नेऊन दिले.

रिपोर्ट बघून मी घाबरलेच. लोह कमी, कॅल्शियम कमी, सक्त आराम हवा! त्यांना गोळ्या आणि दूध सुरू केलं. साड्यांवर खडे चिकटवायचं माझं काम सांभाळून त्यांच्या वाटणीची कामंही मीच उरकू लागले.

महिन्याभराने भांडीवाली आली. आईंनी डबा रिकामा करून स्टीलचं पातेलं घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे, तुझ्याच केसांचं आहे. माझा कुठे एक केस गळतो? तुझ्या फणीतले रोज मीच गोळा करते."

मी डोक्याला हात लावला आणि सगळं सांगून टाकलं.

आईंनी पातेलं परत घेतलं, त्यातच दूध तापवलं आणि पेला माझ्यापुढे ठेवला. "आता गप बस आणि पी!"