आबांचा शर्ट

डॉक्टरांनी बजावलं होतं, आबांचा ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की सरळ घेऊन या. म्हणून घरात ऑक्सिमीटर आणला. आबा, म्हणजे माझे वडील, त्याला चिमटाच म्हणतात. लोणावळ्याच्या वाऱ्यात कपडे उडतात, म्हणून आज त्यांनी तो मागच्या अंगणात वाळणाऱ्या स्वतःच्या शर्टाला लावून टाकला.

मी कपाळावर हात मारून तो काढायला गेलो, तर त्यावर आकडा होता. ब्याऐंशी.

तो घेऊन समोरच्या खोलीत आलो आणि आबांच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव.

"मला काय धाड भरलीय?" पेपरातून मान वर न काढता आबा म्हणाले. "लय टकुरं खातोस बाबा तू."

पुन्हा मागे जाऊन शर्टाला लावला. एकोणऐंशी.

"आता दवाखान्यात न्यायचं कोणाला?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हाला," राजेश्वरी म्हणाली. "शर्ट ओला आहे, म्हणून काहीतरी दाखवतंय ते. द्या इकडे."

तिने वैतागून शर्ट दोरीवरून ओढला आणि करकचून पिळला.

समोरच्या खोलीतून मागचं अंगण दिसत नाही. आबांचा आवाज मात्र त्या खोलीतूनच आला.

"हळू पीळ गं पोरी. दम लागतोय."