ओलांडणारे

नव्या मॉलमुळे रस्त्यावर गाड्या किती वाढतील, त्याचा अहवाल माझ्याकडे होता. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं तीन दिवसांचं चित्रीकरण मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. गाड्या मोजून मोजून बोटं आखडली. पायी ओलांडणारे मात्र शून्य.

"मग सिग्नल कशाला हवा?" साहेब म्हणाले. "उद्या शेवटचा दिवस. मोजणी संपली की तसं लिहून टाक."

"साहेब, ही बाई बघा. रोज पाचला डबा घेऊन येते. एक पाय पुढे टाकते, मागे घेते. वीस मिनिटांनी तशीच परत जाते."

"ओलांडलं का तिनं?"

"नाही."

"मग मोजायची कशी?"

ती माझी आई आहे, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. पलीकडे मावशी अंथरुणाला खिळलेली. "डबा देऊन आले गं," असं आई मला रोज सांगायची.

घरी येऊन मी तिच्यावरच भडकले. "खोटं कशाला बोलायचं?"

"पाय लटपटतात गं. त्या गाड्या थांबतच नाहीत."

"आणि मॉल झाला की तासाला आठशे गाड्या वाढणार! वर सिग्नलही नाही. का, तर इथं कुणी ओलांडतच नाही!"

आई धुतलेल्या डब्याला झाकण लावत राहिली. ते काही केल्या बसेना.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग उद्या मी ओलांडते. तू मोज."